बंधुतेचे ऋण : माजी विद्यार्थ्यांचा गौरव का आणि कसा करावा?

प्रास्ताविक

कोणत्याही शिक्षणसंस्थेची स्मरणिका हाती घेतली, की तिच्यात दोन गोष्टी हमखास आढळतात. एक म्हणजे संस्थेच्या वाटचालीचा आढावा आणि दुसरी म्हणजे तेथून शिकून बाहेर पडलेल्या कर्तबगार माजी विद्यार्थ्यांची नामावली. डॉक्टर, अभियंते, प्राध्यापक, अधिकारी, वकील, कलावंत अशी ही नावे वाचताना शिक्षकांना समाधान वाटते, पालकांचा विश्वास वाढतो आणि वसतिगृहात राहणाऱ्या मुलामुलींच्या डोळ्यांपुढे एक वाट उभी राहते. म्हणून असा गौरव व्हावा, याविषयी दुमत नाही.

परंतु गौरव नेमका कशाचा करावयाचा, कोणी करावयाचा आणि त्यातून पुढे काय घडावे, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि भाषण एवढ्यावर समारंभ संपतो. दुसऱ्या दिवशी मंडप उतरतो आणि वसतिगृहातील मुलाच्या आयुष्यात काहीच बदललेले नसते. प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा विचार काही ऐतिहासिक उदाहरणांच्या आधारे करावयाचा आहे. ही उदाहरणे आपल्याच परंपरेतील आहेत; एक तेवढे समुद्रापलीकडचे आहे.

१. दोन दुर्मीळ माणसे

अंगुत्तर निकायात भगवान बुद्धांनी जगात दोन प्रकारची माणसे दुर्मीळ असल्याचे सांगितले आहे. पहिला ‘पुब्बकारी’, म्हणजे कोणी आपल्यावर उपकार केलेला नसतानाही जो आधी दुसऱ्याच्या उपयोगी पडतो तो. दुसरा ‘कतञ्ञू कतवेदी’, म्हणजे आपल्यासाठी केलेले जो जाणतो आणि ती जाणीव कृतीतून प्रकट करतो तो. येथे दोन शब्द जाणीवपूर्वक योजलेले आहेत. उपकार मनात जाणणे ही एक पायरी झाली आणि त्याची कृतीने उतराई होणे ही दुसरी. पहिल्या पायरीवर थांबणारा माणूस भला असतो, पण त्याची कृतज्ञता अपुरी राहते.

शाळा आणि माजी विद्यार्थी यांचे नाते या दोन शब्दांत नेमके बसते. शाळा ही पुब्बकारी आहे. मूल पुढे कोण होणार हे ठाऊक नसतानाच ती त्याला जेवू घालते, शिकवते आणि त्याच्यावर विश्वास ठेवते. माजी विद्यार्थी हा कतञ्ञू आहे. मात्र त्याची कृतज्ञता पूर्ण होते ती शाळेला देणगी दिल्याने किंवा शिक्षकांच्या पाया पडल्याने नव्हे. तो स्वतः दुसऱ्या एखाद्या अनोळखी मुलासाठी पुब्बकारी होतो तेव्हा ती पूर्ण होते. ऋण मागे फेडावयाचे नसते, ते पुढे द्यावयाचे असते. माजी विद्यार्थ्यांच्या गौरवाची पहिली कसोटी हीच मानावी.

२. मॅट्रिकचा एक सत्कार

या कसोटीवर उतरलेला एक सत्कार महाराष्ट्राच्या इतिहासात नोंदलेला आहे. १९०७ साली भीमराव रामजी आंबेडकर हे एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मुलाने ही परीक्षा उत्तीर्ण होणे ही त्या काळी इतकी अपूर्व गोष्ट होती, की मुंबईत त्यासाठी अभिनंदनाची सभा भरली. सीताराम केशव बोले अध्यक्षस्थानी होते. शिक्षक व लेखक कृष्णाजी अर्जुन केळुसकर उपस्थित होते आणि त्यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र त्या विद्यार्थ्याला भेट दिले.

सत्कार येथेच संपला असता, तर तो एक गोड प्रसंग म्हणून उरला असता. परंतु केळुसकर तेथे थांबले नाहीत. चर्नी रोडच्या बागेत नियमाने वाचत बसणारा हा मुलगा त्यांनी आधीच हेरला होता. वडील रामजी सुभेदार यांना महाविद्यालयाचा खर्च झेपेना, तेव्हा केळुसकरांनी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. पुढे १९१३ साली बडोदा संस्थानच्याच शिष्यवृत्तीवर भीमराव अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात गेले.

अध्यक्षस्थानी बसलेल्या बोले यांचीही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी ठराव मांडला, की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा व दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. ‘बोले ठराव’ म्हणून तो प्रसिद्ध आहे आणि मार्च १९२७ मधील महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला त्याचाच आधार होता. म्हणजे ज्यांनी एका मुलाचा सत्कार केला, त्यांनी त्या मुलासारख्या असंख्य मुलांसाठी नंतरही काही करीत राहण्याची जबाबदारी उचलली होती.

या सभेपासून तीन गोष्टी शिकावयास मिळतात. सत्कार योग्य वेळी झाला, म्हणजे यश लहान असताना आणि पुढची वाट बिकट असताना झाला. सत्कारात दिलेली वस्तू विचार देणारी होती. आणि सत्कारानंतर पाठपुरावा झाला. आज आपण कीर्ती मिळालेल्या माणसाचा गौरव करतो, कारण ते सोपे असते. केळुसकरांनी मात्र ज्याला अद्याप कीर्ती मिळायची होती, त्याच्या पाठीवर हात ठेवला.

३. वसतिगृह आणि बंधुता

निवासी विद्यालयात राहणाऱ्यांना पुढील तपशील विशेष जवळचा वाटेल. न्यूयॉर्कमध्ये भीमराव काही काळाने लिव्हिंग्स्टन हॉल या विद्यापीठाच्या वसतिगृहात राहावयास गेले. तेथे त्यांचे सोबती नवल भथेना नावाचे पारशी विद्यार्थी होते. जात, धर्म आणि आर्थिक स्थिती या तिन्ही बाबतींत दोघांत अंतर होते, पण एका खोलीत जुळलेली ही मैत्री आयुष्यभर टिकली. १९२० साली अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा त्यांनी सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकीतून काही पैसे साठवले होते, काही साहाय्य राजर्षी शाहू महाराजांनी केले होते आणि पाच हजार रुपये भथेनांनी कर्जाऊ दिले होते.

वसतिगृहातील सहवासातून निर्माण होणारा हा जिव्हाळा म्हणजेच बंधुता. भारतीय संविधानाच्या उद्देशिकेत न्याय, स्वातंत्र्य आणि समता यांच्या जोडीला बंधुता आहे. मूळ उद्दिष्टांच्या ठरावात हा शब्द नव्हता. मसुदा समितीने तो उद्देशिकेत आणला, ही बाब अभ्यासकांनी आवर्जून नोंदवली आहे. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे, तर बुद्धांच्या शिकवणीतून घेतली, असे बाबासाहेबांनी १९५४ साली आकाशवाणीवरील भाषणात सांगितले होते. धम्माच्या परिभाषेत बंधुतेचे हे नाते मैत्रीशी जुळते आणि मैत्री ही रक्ताच्या नात्याची अपेक्षा ठेवत नाही.

नवी मुंबईसारख्या शहरात या बंधुतेचे मोल अधिक आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे व रायगड जिल्ह्यांतील गावांच्या जमिनीवर हे शहर उभे राहिले. भूमिपुत्र वगळता येथील बहुतेक कुटुंबे आपली गावकी-भावकी मागे ठेवून आलेली आहेत. अडचणीच्या वेळी धावून येणारा चुलता किंवा मामा शेजारी नसतो. अशा शहरात एकाच वसतिगृहात वाढलेल्या मुलामुलींचे नाते हे केवळ आठवणींचे नाते राहत नाही, ते आधाराचे नाते होते. नोकरीची माहिती, रुग्णालयातील रात्र, लहान भावंडांचा प्रवेश अशा प्रत्येक प्रसंगी ते उपयोगी पडते.

४. समुद्रापलीकडचे एक उदाहरण

विद्यार्थ्यांच्या बंधुतेचे संघटित रूप पाहावयाचे असेल, तर अमेरिकेतील एक उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. तेथील महाविद्यालयांत विद्यार्थ्यांची बंधुमंडळे असतात. त्यांची नावे ग्रीक अक्षरांवरून ठेवतात आणि प्रत्येक महाविद्यालयात त्यांची स्वतंत्र शाखा असते. शिक्षण संपले तरी सदस्यत्व संपत नाही. डिसेंबर १९०६ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील सात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी ‘अल्फा फाय अल्फा’ हे मंडळ स्थापन केले. त्या विद्यापीठात ते मूठभर होते आणि तेथील सामाजिक जीवनात त्यांना बरोबरीचे स्थान नव्हते. एकमेकांचा अभ्यास सांभाळणे आणि कोणालाही एकटे पडू न देणे, ही त्यांची पहिली गरज होती.

या मंडळाच्या सदस्यांत पुढे थोर माणसे झाली. शाळांतील वर्णभेदाविरुद्धचा १९५४ चा ऐतिहासिक खटला लढवणारे आणि १९६७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झालेले थर्गुड मार्शल त्यांपैकी एक. मार्टिन ल्यूथर किंग (धाकटे) हे बोस्टनमध्ये शिकत असताना सदस्य झाले. ज्यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले, ते विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस हेदेखील सदस्य होते. किंग यांचे राष्ट्रीय स्मारक वॉशिंग्टनमध्ये व्हावे यासाठी या मंडळाने पुढाकार घेतला, वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि २०११ साली ते स्मारक लोकार्पण झाले.

आपल्या थोर बंधूचा गौरव करण्याचा हा एक मार्ग झाला. त्याच मंडळाचा दुसरा मार्गही ध्यानात ठेवावा. १९२० च्या दशकापासून त्याने कृष्णवर्णीय मुलांनी शाळा पूर्ण करावी आणि महाविद्यालयात जावे यासाठी मोहीम चालवली. मतदार नोंदणीसाठीही काम केले. स्मारक उभारणे आणि पुढच्या मुलाचे बोट धरणे ही दोन्ही कामे एकाच संघटनेने केली, म्हणून तिचा गौरव पोकळ वाटत नाही.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अशी मंडळे कित्येकदा बंद दारांची होतात. ‘आमचा’ आणि ‘बाहेरचा’ असा भेद ती जोपासतात, नव्या मुलांना छळून ‘आपले’ करून घेण्याची विकृत प्रथा त्यांच्यात शिरते. आपल्याकडे तिलाच रॅगिंग म्हणतात. महाराष्ट्राने १९९९ साली तिच्याविरुद्ध कायदा केला. ज्याला भीती दाखवून आत घेतले, त्याच्याशी जुळते ती बंधुता नव्हे. बंधुता आणि टोळी यांतील फरक असा, की टोळी आपल्या माणसांपुरती असते आणि बंधुता नवख्या माणसापासून सुरू होते.

५. अग्रस्थान कशाचे?

गौरवाची दुसरी कसोटी अंगुत्तर निकायातीलच ‘एतदग्ग’ या प्रकरणातून मिळते. आपल्या शिष्यशिष्यांपैकी कोण कोणत्या गुणात अग्र आहे, हे बुद्धांनी तेथे एकेकाचे नाव घेऊन सांगितले आहे. ही जगातील फार जुन्या गुणगौरव-याद्यांपैकी एक म्हणता येईल आणि तिची पद्धत आजही अनुकरणीय आहे.

या यादीत सारिपुत्र प्रज्ञेत अग्र आहेत. परंतु त्यांच्याबरोबर शाक्यांचे न्हावी असलेले उपाली विनयात अग्र आहेत. भिक्खुणींमध्ये पटाचारा विनयात आणि खेमा प्रज्ञेत अग्र आहेत. उपासिकांमध्ये बहुश्रुत म्हणून खुज्जुत्तरेचे नाव आहे. ती कोसंबीच्या राणी सामावतीची दासी होती आणि ऐकलेला उपदेश जसाच्या तसा इतरांना सांगत असे. चूळपंथकांना चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना, म्हणून त्यांच्या थोरल्या भावाने त्यांना घरी परत जाण्यास सांगितले होते. तेही चित्तविकासात अग्र ठरले. राहुल हे बुद्धांचे पुत्र होते. त्यांचा गौरव मात्र त्या नात्यासाठी झाला नाही. शिकण्याच्या ओढीत ते अग्र होते, म्हणून झाला.

वरील नावांपैकी कोणाचेही पद, कुळ किंवा संपत्ती गौरवाचे कारण म्हणून सांगितलेली नाही. प्रत्येकाचा एक विशिष्ट गुण सांगितला आहे. आपण फलकावर ‘अमुक खात्यात उच्च अधिकारी’ असे लिहितो, तेव्हा मुलांना फक्त खुर्ची दिसते. ‘कार्यालयात आलेल्या अशिक्षित माणसाचा अर्ज स्वतः भरून देणारा अधिकारी’ असे लिहिले, तर मुलांना माणूस दिसेल. खुर्ची सर्वांना मिळत नाही. गुण मात्र प्रत्येकाला जोपासता येतो. गुणाचा गौरव झाला, तर अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलालाही त्या यादीत आपली जागा दिसू लागते.

कोलंबिया विद्यापीठाने आपल्या या विद्यार्थ्याचा गौरव केला, तो प्रसंग याच दृष्टीने पाहावा. ५ जून १९५२ रोजी बाबासाहेबांना सन्माननीय एलएल.डी. पदवी देण्यात आली. त्याआधी १९५१ मध्ये त्यांनी केंद्रीय मंत्रिपदाचा राजीनामा दिला होता आणि लोकसभेच्या पहिल्या निवडणुकीत मुंबईतून त्यांचा पराभव झाला होता. सत्तेचे वलय बाजूला झाले होते. विद्यापीठाने मान दिला तो संविधाननिर्मितीतील कार्याला आणि मानवी हक्कांसाठी दिलेल्या लढ्याला. ज्याच्याकडून आता काही मिळवावयाचे नाही, त्याचा गौरव करता येणे, ही गौरव करणाऱ्याच्या निर्मळपणाची खूण आहे.

६. नागसेनवनाची परंपरा

आपल्या विचारपरंपरेतील शिक्षणसंस्थांकडे वळू. बाबासाहेबांनी ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली. जून १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. दिवसा नोकरी करणाऱ्या गरीब विद्यार्थ्यांना शिकता यावे म्हणून तेथे वर्ग सकाळच्या वेळेत ठेवले गेले. वेळापत्रकासारख्या साध्या गोष्टीतही पुब्बकारी वृत्ती दिसते. जून १९५० मध्ये औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर येथे महाविद्यालय सुरू झाले. पुढे त्याला मिलिंद हे नाव मिळाले आणि परिसराला नागसेनवन. मिलिंद हा ग्रीक राजा होता आणि नागसेन हा त्याच्या प्रश्नांना उत्तरे देणारा भिक्खू. प्रश्न विचारणाऱ्याचे नाव महाविद्यालयाला देणे, यातच तेथील शिक्षणाची दिशा सांगितलेली आहे.

निजामी राजवटीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय अत्यल्प होती. खेड्यापाड्यांतून पायी, मिळेल त्या वाहनाने मुले नागसेनवनात आली. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी तेथे अध्यापन केले, ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले. मराठीचे प्राध्यापक गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ या नियतकालिकातून लिहित्या तरुणांची पिढी घडवली. २०१८ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

याच मिलिंद महाविद्यालयातून बी.ए. झालेले अर्थशास्त्रज्ञ डॉ. सुखदेव थोरात २००६ ते २०११ या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते आणि २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. स्मरणिकेत इतकेच लिहिले जाते. परंतु दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील दलित व आदिवासी विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीची चौकशी करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते आणि त्या समितीने वसतिगृहे, वर्ग व परीक्षा यांतील भेदभाव पुढे आणला, हेही लिहावयास हवे. आयोगाचे रॅगिंगविरोधी विनियमही त्यांच्याच अध्यक्षपदाच्या काळात, २००९ साली आले. वसतिगृहातून वर गेलेला विद्यार्थी वसतिगृहातील मुलांना विसरला नाही, हा त्यांच्या पदापेक्षा मोठा गौरवविषय आहे.

७. आग्र्याचा प्रश्न

१८ मार्च १९५६ रोजी आग्रा येथील सभेत बाबासाहेबांनी सुशिक्षित वर्गाविषयी तीव्र खंत व्यक्त केली. ज्यांना शिकवले ते समाजाच्या उपयोगी पडतील ही आशा होती, पण ते आपापले पोट भरण्यात गुंतले, असा त्या बोलण्याचा आशय होता. त्या काळात शिकलेल्यांची संख्या थोडी होती. आज ती कितीतरी पटींनी वाढली आहे. म्हणून तो प्रश्न आज अधिक जणांना लागू आहे.

माजी विद्यार्थ्यांच्या गौरवसमारंभात हा प्रश्न अवघड वाटतो. पाहुण्याला मान द्यावयाचा की जाब विचारावयाचा? मानाच्या आतच प्रश्न असावा, हे त्याचे उत्तर आहे. ज्याच्याकडून अपेक्षाच नाही, त्याचा गौरव करणे म्हणजे त्याला परका मानणे होय. घरच्या माणसाकडून आपण अपेक्षा ठेवतो. शाळा आपल्या माजी विद्यार्थ्याला घरचा मानत असेल, तर ‘तुम्ही पुढच्या मुलासाठी काय केले?’ हा प्रश्न विचारण्याचा तिला अधिकार आहे आणि तो ऐकून घेण्याइतका मोठेपणा त्याच्यात असावा.

या प्रश्नाचे जिवंत उत्तर रयत शिक्षण संस्थेच्या इतिहासात सापडते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह सुरू केले. त्या बोर्डिंगात वाढलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर झाले. वकिलीत पैसा मिळवता आला असता. ते रयतमध्ये परत आले, तेथे अध्यापन व प्रशासन केले, पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि कर्मवीरांचे चरित्र लिहिले. ज्याने आपल्याला घडवले त्याचे काम पुढे चालवणे, हा त्यांनी केलेला गुरूचा सत्कार. वाशीतील कर्मवीर भाऊराव पाटील महाविद्यालय याच वटवृक्षाची पारंबी आहे.

प्रत्येकाने नोकरी सोडून संस्थेत परत यावे, अशी अपेक्षा योग्य नाही. परत येण्याचे प्रकार अनेक आहेत. एखादी परिचारिका वर्षातून दोनदा मुलींच्या आरोग्याविषयी बोलावयास येऊ शकते. लेखापाल संस्थेचे हिशेब पाहू शकतो. विद्युत तंत्रज्ञ वसतिगृहातील वायरिंग तपासू शकतो. वेळ देणे हे अनेकदा पैसे देण्याहून कठीण असते आणि मुलांना त्याचाच उपयोग अधिक होतो.

८. पडद्यामागची नावे

तिसरी कसोटी सर्वांत अवघड आहे. गौरवाच्या यादीत कोणाची नावे राहून जातात, हे पाहणे ही ती कसोटी.

साताऱ्याच्या बोर्डिंगातील मुलांना जेवू घालण्यासाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने मोडले आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. प्रत्येक वसतिगृहाच्या इतिहासात अशी एखादी बाई असते. भाकऱ्या थापणारी, आजारी मुलापाशी रात्रभर बसणारी, सुटीत घरी जाऊ न शकणाऱ्या मुलाला आपल्या घरी नेणारी. माजी विद्यार्थ्याच्या यशात तिचा वाटा असतो आणि व्यासपीठावर तिची खुर्ची नसते.

मुलींच्या बाबतीत विस्मरण अधिक होते. पुण्यातील फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापला गेला. लिहिला तेव्हा ती शाळकरी वयाची होती. आज तो निबंध मराठी साहित्याच्या इतिहासात मानाने वाचला जातो. तिच्या पुढील आयुष्याची नोंद मात्र इतिहासाने जवळजवळ ठेवली नाही. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ या ग्रंथासाठी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना गावोगावी भेटून त्यांच्या आठवणी नोंदवल्या. त्यांनी ते केले नसते, तर कितीतरी नावे कायमची पुसली गेली असती. नोंद ठेवणे हाही गौरवच आहे, किंबहुना तो सर्वांत टिकाऊ गौरव आहे.

आणखी एक वर्ग राहून जातो. ज्याने शाळेनंतर मोठे पद मिळवले नाही, पण बाजारात हमाली करीत धाकट्या दोन बहिणींना शिकवले. जी घरकाम करीत असताना वस्तीतील मुलांचा अभ्यास घेते. ज्याने व्यसनात बुडालेल्या मित्राला बाहेर काढले, असे माजी विद्यार्थी प्रत्येक शाळेचे असतात. ते समारंभाला येत नाहीत, कारण आपल्याजवळ सांगण्यासारखे काही नाही असे त्यांना वाटते. त्यांना बोलावणे हे शाळेचे काम आहे.

९. आपल्या विद्यालयात काय करता येईल?

वरील विवेचनातून काही व्यवहार्य गोष्टी सुचतात.

पहिली गोष्ट, माजी विद्यार्थ्यांची नोंदवही. तीत पद आणि वेतनाऐवजी दोन रकाने असावेत : ‘या विद्यालयात मला कोणी काय दिले’ आणि ‘मी ते पुढे कोणाला दिले’. पहिला रकाना कतञ्ञूचा आहे, दुसरा पुब्बकारीचा. दुसरा रकाना रिकामा राहिला तर लाजण्याचे कारण नाही. तो भरावयाचा आहे एवढी आठवण पुरे.

दुसरी गोष्ट, गौरवपत्रातील मजकूर. त्यात एकच गुण आणि त्या गुणाचे एक खरे उदाहरण लिहावे. विशेषणांची रास टाळावी. हे लेखन वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांकडे सोपवावे. त्यासाठी त्यांना माजी विद्यार्थ्याची मुलाखत घ्यावी लागेल आणि त्या मुलाखतीतच खरा पाठ होईल.

तिसरी गोष्ट, जोडी. प्रत्येक सन्मानित व्यक्तीने त्या वर्षापुरते एका मुलाचे किंवा मुलीचे पालकत्व स्वीकारावे. पैशांपेक्षा महिन्यातून एक दूरध्वनी, परीक्षेआधीची एक भेट आणि वर्षातून एक पुस्तक इतके पुरेसे आहे. केळुसकरांनी दिलेल्या पुस्तकाची गोष्ट त्या वेळी मुलांना सांगावी.

चौथी गोष्ट, व्यासपीठावरील खुर्च्या. दरवर्षी निदान एक खुर्ची स्वयंपाकघरातील, सफाई करणाऱ्या किंवा पहारा देणाऱ्या सेवकासाठी असावी आणि एक खुर्ची अप्रसिद्ध माजी विद्यार्थ्यासाठी.

पाचवी गोष्ट, अभ्याससहल. ऐरोली येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकाला आपण भेट देतो, तेव्हा त्या दिवशी एक काम द्यावे : बाबासाहेबांच्या शिक्षणाला ज्यांनी हातभार लावला अशांची यादी करावी. वडील रामजी, रमाई, केळुसकर, सयाजीराव, शाहू महाराज, भथेना अशी ती वाढत जाईल. एका माणसाच्या मोठेपणामागे किती हात असतात हे मुलांनी स्वतः मोजलेले बरे.

उपसंहार

माजी विद्यार्थ्याचा गौरव हा त्याच्या यशाचा उत्सव आहेच. पण शाळेच्या दृष्टीने तो एका साखळीतील दुवा तपासण्याचा दिवस आहे. मागच्या दुव्याने याला धरले होते का, आणि याने पुढच्या दुव्याला धरले आहे का, हे त्या दिवशी पाहावयाचे. वसतिगृहात आज पहिल्या रात्री घरच्या आठवणीने रडणारे मूल उद्या काय होईल, हे आपल्याला ठाऊक नाही. १९०७ सालीही ते कोणाला ठाऊक नव्हते. तरीही सभा भरली, पुस्तक दिले गेले आणि कोणीतरी शिष्यवृत्तीसाठी शब्द टाकला.

स्वाध्याय

१. पुब्बकारी आणि कतञ्ञू कतवेदी यांतील फरक आपल्या आयुष्यातील उदाहरण देऊन स्पष्ट करा.

२. १९०७ च्या सत्कारसभेतील बोले आणि केळुसकर यांनी सभेनंतर काय केले? त्यावरून सत्कार करणाऱ्याची कोणती जबाबदारी दिसते?

३. बंधुता आणि टोळी यांतील भेद वसतिगृहातील जीवनाच्या आधारे सांगा.

४. आपल्या वर्गातील प्रत्येकाचा एक गुण शोधून ‘एतदग्ग’ पद्धतीची यादी तयार करा. यादीत एकही नाव सुटता कामा नये.

५. आपल्या वसतिगृहात काम करणाऱ्या एका सेवकाची मुलाखत घ्या आणि ती वहीत लिहून ग्रंथालयात जमा करा.